कंपासपेटीतला बूस्टर: घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटारची डागडुजी

लेकीच्या बाराव्या वाढदिवसाला घेतलेली इलेक्ट्रिक गिटार चार महिन्यांत कपाटावर जाऊन बसली. विचारलं तर म्हणाली, "बाबा, ती सारखी घुंऽऽ करते. आणि सुरात लावली तरी दोन मिनिटांत उतरते." दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. स्वस्तातली, स्ट्रॅटोकास्टर या नावाजलेल्या गिटारच्या वळणाची, तीन पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारांखालची, त्यांची थरथर टिपणारी पेटी) गिटार होती ती. ती का रुसली हे न कळता दुसरी आणली असती, तर तीही वर्षभरात त्याच कपाटावर चढली असती. म्हणून एका रविवारी जेवणं उरकल्यावर टेबलावर जुनी चादर अंथरली आणि तिचे स्क्रू काढायला घेतले.

याला आता तीन वर्षं झाली. गिटार वाजवते एकटी लेक, पण तिच्यावर काम आम्ही पाचही जण करतो. ज्यांनी सोल्डरिंग आयर्न कधी हातात धरलेलं नाही, अशा घरांसाठी आमचा क्रम इथे देतोय. आधी नुसतं स्क्रू-ड्रायव्हरचं काम, मग झाळकामाचा सराव, मग गिटारच्या पोटातली वायरिंग आणि शेवटी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं छोटं पेडल, म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावायची, आवाज बदलणारी पायाशी ठेवायची पेटी. नियम एकच: एका वेळी एकच बदल करायचा, वाजवून बघायचं, वहीत लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज सुधारला, तर तो कशानं सुधारला ते कळत नाही. बिघडला तर मग विचारायलाच नको.

आधी लक्ष्मणरेषा

इलेक्ट्रिक गिटारला स्वतःला वीज लागत नाही. पिकअपमध्ये लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज तयार होते आणि केबलमधून ॲम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरकडे जाते. केबल काढून ठेवलेली गिटार उघडताना शॉकची भीती नाही. पेडलही नऊ व्होल्टचंच.

ॲम्प्लिफायर मात्र उघडायचा नाही. व्हॉल्व्हचा असेल तर मुळीच नाही. त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते साठून राहू शकतात. तीन पिनांचा प्लग दोन भोकांच्या बोर्डात बसावा म्हणून अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. गिटारच्या तारा जॅकमधून (केबल खुपसायच्या भोकातून) ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणाऱ्याचे हात सतत त्या अर्थवर असतात. जुन्या इमारतींत अर्थिंग पुष्कळदा नुसतं नावाला असतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते एकदा तपासून घ्या. या छंदातला हा पहिला खर्च समजा.

कोण काय करणार

घरच्या गिटारचा सगळ्यात मोठा दाखला लंडनचा आहे. १९६३ साली ब्रायन मे या शाळकरी पोरानं वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. मान जुन्या फायरप्लेसच्या महोगनी लाकडाची, पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे, ट्रेमोलोच्या (सूर हलवायच्या दांड्याच्या) स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातल्या. तीच 'रेड स्पेशल' तो पुढे क्वीन बँडमध्ये आयुष्यभर वाजवत राहिला. (त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत वाढला, हे माहीत नसणाऱ्यांना सांगायला मला फार आवडतं.) या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो आईचा बटणांचा डबा.

आमच्याकडे आई, म्हणजे मुलांची आजी, तांदूळ निवडावेत तसे रेझिस्टर निवडते. त्यावरचे रंगीत पट्टे वाचून ताटलीत वेगळे करायचे आणि मुलांनी ते मल्टीमीटरवर तपासायचे. नऊ वर्षांचा धाकटा मल्टीमीटरचा मालक. सर्किट जुळलं की मीटर 'पीं' करतो, त्यावर तो दोन तास खूश असतो. लेक वाजवते आणि वही लिहिते. झाळकाम आणि ड्रिल माझ्याकडे. बायकोचं काम सगळ्यात अवघड: ती दुसऱ्या खोलीत बसून ऐकते. काय बदललं ते तिला सांगायचं नाही, फक्त "आधीचं बरं की आताचं?" एवढंच विचारायचं. ज्या बदलावर मी तीन संध्याकाळी घालवल्या, त्याला ती "फरक काय?" म्हणाली, असं कितीदा तरी झालंय. ती बहुतेक वेळा बरोबर असते.

पहिली पायरी: नुसता स्क्रू-ड्रायव्हर

नव्या तारा घाला. जुन्या गंजक्या तारांवर कुठलाही निष्कर्ष काढू नका. तारेचं टोक कापताना ते डोळ्याकडे उडतं, तेव्हा चष्मा घाला आणि मुलांनाही घालायला लावा. खुंटीभोवती दोन-तीन नीट वेढे पुरेत. नंतर प्रत्येक तार बोटानं हलकेच वर ओढून पुन्हा सुरात लावा, असं तीन-चार वेळा. नवी तार ताणली जाईपर्यंत उतरणारच.

तरीही उतरत असेल तर दोन जागा बघा. एक नट, म्हणजे मानेच्या टोकाशी असलेली खाचांची पट्टी. सूर लावताना तिथून 'टिक्' असा आवाज आला तर तार खाचेत अडकतेय. टोक काढलेली टूबी पेन्सिल खाचेत घासा, शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट वंगणाचं काम करतं. हे धाकट्याचं काम. दुसरी जागा मागच्या झाकणाखालच्या स्प्रिंगा. या घाटाच्या गिटारचा ब्रिज (अंगावरची, तारा टेकतात ती घोडी) स्प्रिंगांच्या ताणावर तरंगतो. एक तार ओढली की बाकीच्या पाच बेसूर होतात. नवशिक्यानं स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन स्क्रू आवळून ब्रिज लाकडावर टेकवून टाकावा. आमची अर्धी तक्रार इथेच मिटली, खर्च शून्य.

मग मान. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा लावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी, म्हणजे पातळसं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट जास्त असेल तर मानेतला ट्रस रॉड (आतली धातूची सळई) घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा, पण एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. नंतर रात्रभर थांबायचं. रॉड जड लागला तर जोर न लावता जाणकाराकडे जा. लाकूड हवेप्रमाणे बदलतं, त्यामुळे जूनमध्ये आणि दिवाळीनंतर हे माप एकदा पुन्हा घ्यावं लागतं.

तारांची उंची बाराव्या फ्रेटवर जाड तारेला सुमारे २ मि.मी. आणि बारीक तारेला दीड मि.मी. ठेवून सुरुवात करा. खाली आणली की दाबायला सोपी जाते, पण तार फ्रेटवर घासून झणझणते. मिरजेतले तंबोरा-सतारीचे कारागीर घोडी घासून मुद्दाम जवारी काढतात, ते त्यांचं वैभव. इथे ती नको असते. ॲम्पमधून ऐकू येत नसेल इतपत झणझण चालवून घ्या.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे मानेवर कुठेही दाबलं तरी सूर बरोबर लागणं. तार मोकळी वाजवून ट्यूनरवर सुरात लावा, मग बाराव्या फ्रेटवर हलक्या हातानं दाबून वाजवा. वरचा सूर चढा आला तर त्या तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तार टेकायचा तुकडा) मागे न्या, म्हणजे तार लांब करा. उतरता आला तर पुढे आणा. सहा तारांना अर्धा तास लागतो आणि सगळ्यांचा संयम संपतो. चहा आधीच करून ठेवा.

दुसरी पायरी: कल्हई

झाळकाम यूट्यूबवर बघून येत नाही, वाया घालवायच्या तारा समोर घेऊन येतं. ज्यांनी लहानपणी कल्हईवाला पाहिलाय त्यांना मर्म लगेच कळेल: भांडं स्वच्छ आणि गरम असल्याशिवाय कथिल धरत नाही. इथेही तसंच. आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसायचं, त्यावर सोल्डरचा पातळ थर चढवायचा, की झाली टोकाला कल्हई. मग टोकानं तार आणि पट्टी दोन्ही एकदम तापवायच्या आणि सोल्डर आयर्नला न लावता त्या तापलेल्या जागी लावायचं. ते स्वतःहून वितळून पसरलं तर सांधा चांगला. गोळीसारखं वर बसलं तर सांधा कच्चा, आज वाजेल, उद्या दगा देईल. फरक एवढाच की कल्हईवाल्याचा नवसागर इथे चालत नाही, तो तांबं खातो. पोटात राळ असलेलीच सोल्डर वायर घ्या.

साठ-चाळीसच्या सोल्डरमध्ये चाळीस टक्के शिसं असतं. खिडकी उघडी, पंखा धूर बाहेर फेकणारा, काम झाल्यावर साबणानं हात, आणि त्या टेबलावर खाणं नाही. आमचा धाकटा झाळकामाच्या वेळी टेबलापासून हातभर लांब, गॉगल लावून बसतो.

पेडलच्या सर्किटला २५ वॅटचं आयर्न पुरतं. गिटारमधल्या पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या फिरत्या रेझिस्टरच्या) पाठीवर मात्र ते थंड पडतं, तिथे ५०-६० वॅटचं हवं. आणि गिटारवर काहीही झाळण्याआधी सगळ्या अंगावर कापड टाका. मी टाकलं नव्हतं. वितळलेल्या सोल्डरचा एक थेंब लाल रंगावर पडला आणि तांदळाएवढा डाग कायमचा राहिला. लेक काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिथे मांजराचं स्टिकर होतं.

तिसरी पायरी: गिटारचं पोट

उघडण्याआधी केबल गिटारला लावा, व्हॉल्यूम पूर्ण करा आणि केबलच्या मोकळ्या टोकावर मल्टीमीटर धरा, ओहमच्या आकड्यावर. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा पिकअप साधारण ५ ते ७ हजार ओहम दाखवतो. पाच जागांच्या स्विचवर एकेक जागा फिरवून आकडे वहीत लिहा. दोन पिकअप एकदम चालू असतात तिथे आकडा जवळजवळ निम्मा येतो. एखाद्या जागी एकदम अडीच लाखांच्या आसपास आकडा आला, तर त्या पिकअपची तार किंवा सांधा तुटलाय आणि तुम्ही नुसता व्हॉल्यूमचा पॉट मोजताय. स्क्रू न काढता निदान झालं. धाकट्याला हे जादूसारखं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही.

मग समोरच्या प्लास्टिकच्या पट्टीचे स्क्रू काढा. प्रत्येक बाजूनं मोबाइलवर फोटो काढल्याशिवाय एकही वायर उचकू नका.

घुंऽऽ आवाजाची दोन कारणं असतात. एक, ट्यूबलाइट, डिमर, चार्जर यांची हवेतून येणारी कुरकुर. ती पोटाला आतून तांब्याची चिकटपट्टी लावून बरीच कमी होते. पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवा, सांध्यांवर सोल्डरचे टिपके द्या आणि सगळा पत्रा एका वायरनं पॉटच्या पाठीशी, म्हणजे ग्राउंडला जोडा. ॲल्युमिनियमची पट्टी स्वस्त, पण तिला साधं सोल्डर धरत नाही. पिकअपच्या किंवा स्विचच्या जिवंत टोकाला पट्टी टेकली तर आवाज पूर्ण बंद होतो, तेव्हा तिथे इन्सुलेशन टेप लावा. दुसरं कारण म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारा खर्ज. सिंगल कॉइलमध्ये तो तांब्यानं जात नाही, ॲम्पपासून दूर उभं राहून आणि अंग वळवून कमी करायचा. यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उलट वेढ्यांची दोन कॉइल शेजारी ठेवून हमबकर केला. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर ती तक्रार नव्हे, ग्राउंडिंग ठीक असल्याची खूण आहे.

पॉट बदलायचे असतील तर सिंगल कॉइलला २५० के (के म्हणजे हजार ओहम) आणि हमबकरला ५०० के. दुकानात 'ए' अक्षराचाच मागा. 'बी' दिला तरी चालतो, पण व्हॉल्यूम एकसारखा उतरल्यासारखा वाटत नाही, कारण आपला कान तसा ऐकत नाही. टोनचा कपॅसिटर ही सगळ्यात स्वस्त मजा. त्यावर ४७३ छापलेलं असेल तर ४७ वर तीन शून्यं, ४७००० पिकोफॅरड, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. २२३ म्हणजे ०.०२२. टोन उतरवल्यावर पहिला आवाजाला जास्त गोधडी पांघरतो, दुसरा कमी. दोन्ही मगरचिमट्यांनी तात्पुरते लावून दुसऱ्या खोलीतल्या परीक्षकांना ऐकवा आणि मगच झाळा. महागड्या 'विंटेज' कपॅसिटरच्या नादी लागू नका.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर. मुलांना घेऊन जा, पण शनिवारी संध्याकाळी नको. काउंटरवरचे दादा गर्दीत चिडलेले असतात.

चौथी पायरी: एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर

१९६८ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचा एलपीबी-१ हा बूस्टर जगभरच्या हौशी लोकांनी पहिलं पेडल म्हणून बनवलाय. एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक पॉट. बॅटरी आणि जॅक सोडले तर सामान एका वडापावच्या आसपास येतं.

आधी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सुटे भाग नुसते खोचायच्या भोकांच्या पट्टीवर जुळवा, म्हणजे झाळणं नाही आणि चूक झाली तरी उपटून पुन्हा लावता येतं. ट्रान्झिस्टर बीसी ५४७. त्याची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बऱ्याच परदेशी आकृत्यांत २एन३९०४ असतो, त्याचे पाय बरोबर उलटे. तिथेच अर्धी दुनिया फसते.

गिटारचा सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडच्या (१०४ छापलेल्या) कपॅसिटरमधून बेसवर द्या. बेसपासून ४७० के रेझिस्टर नऊ व्होल्टकडे आणि ४७ के ग्राउंडकडे. कलेक्टरपासून १० के नऊ व्होल्टकडे. एमिटरपासून ३९० ओहम ग्राउंडकडे. कलेक्टरवरूनच दुसरा १०४ कपॅसिटर १०० के पॉटच्या एका कडेच्या पायाला, दुसऱ्या कडेचा पाय ग्राउंडला, मधला पाय बाहेर ॲम्पकडे. संपलं. मूळ सर्किटमध्ये ४३० के आणि ४३ के असतात. आपल्याकडे ४७० आणि ४७ सहज मिळतात आणि प्रमाण तेच राहतं. सिग्नल साधारण वीसपट होतो, तेव्हा पॉट शून्यावर ठेवूनच ॲम्प चालू करा.

पहिल्या दिवशी आमच्या सर्किटमधून हूं नाही की चूं नाही. ग्राउंडच्या मानानं कलेक्टरवर ४ ते ६ व्होल्ट दिसायला हवेत, मीटर जेमतेम अर्धा व्होल्ट दाखवत होता. ४७० के म्हणजे पिवळा-जांभळा-पिवळा, ४७ के म्हणजे पिवळा-जांभळा-नारिंगी. संध्याकाळच्या पिवळ्या बल्बखाली आजीनं निवडलेले, आणि मीटरवर तपासायचा कंटाळा केलेला मी. दोघांच्या जागा बदलल्या होत्या. आईला सांगितलं तर म्हणाली, "अरे, तांदळातला खडासुद्धा उजेडातच दिसतो." तेव्हापासून निवडण्याचं काम सकाळी.

बूस्टर वाजला की आणखी एक प्रयोग. बाहेर जाणाऱ्या कपॅसिटरनंतर, पॉटच्या वरच्या पायापासून ग्राउंडला १एन४१४८ चे दोन डायोड लावा, एकमेकांच्या उलट दिशेनं. लाटेचे शेंडे सुमारे ०.६ व्होल्टवर कापले जातात आणि आवाज फाटतो, हेच डिस्टॉर्शन. डायोड काढून तिथे दोन लाल एलईडी लावले की शेंडे उंचावर कापले जातात, त्यामुळे आवाज मोठा आणि जरा मोकळा येतो. लेकीनं एक डायोड आणि एक एलईडी अशी जोडी लावून बघितली. कुठल्या आकृतीत बघितलं होतंस विचारलं तर म्हणाली, "वहीत जागा रिकामी होती." पेडलमध्ये तीच जोडी राहिली.

पाचवी पायरी: पेटी

पसंत पडलेलं सर्किट भोकाभोकांच्या झीरो पीसीबीवर, म्हणजे सुटे भाग झाळायच्या कोऱ्या पट्टीवर झाळा. डबा धातूचाच हवा, प्लास्टिकचा डबा बाहेरची कुरकुर अडवत नाही. आम्ही शाळेची जुनी पत्र्याची कंपासपेटी घेतली. लांबी-रुंदी झकास, झाकण घट्ट, पण पत्रा पातळ. पायानं दाबायच्या स्विचखाली तो चेपतो, म्हणून आतून प्लायवूडचा तुकडा बसवला. भोकांची मापं: पायाच्या स्विचला १२ मि.मी., जॅकला साडेनऊ ते दहा, छोट्या पॉटला सात. आधी कागदी चिकटपट्टी लावून पेननं खुणा करा, सेंटर पंचनं खड्डा पाडा, बारीक ड्रिलनं सुरुवात करून मोठ्यावर जा आणि पत्रा हातात न धरता लाकडाला आवळा. झाकण बंद केल्यावर सर्किट पत्र्याला टेकणार नाही याची खात्री जाड टेपनं करा.

पायाच्या स्विचला नऊ पाय असतात, तीन रांगा. कुठला कुठल्याशी जोडला जातो ते धाकट्यानं दाबून, मीटरचा 'पीं' ऐकून कागदावर काढलं. विकतच्या आकृतीपेक्षा ते सोपं पडलं. हे पाय झाळताना दोन-तीन सेकंदांत आटपा, आतलं प्लास्टिक वितळलं तर स्विच गेला.

सुरुवातीला बॅटरीच बरी. पेडलच्या ॲडॅप्टरमध्ये सहसा पिनेच्या मधल्या भागात ऋण असतं, घरातल्या राउटरच्या ॲडॅप्टरमध्ये बहुधा नेमकं उलट. सर्किट जेमतेम अर्धा मिलिअँपिअर घेतं, त्यामुळे बॅटरी महिनोन्‌महिने जाते. त्यासाठी गिटारकडचा जॅक स्टिरिओ घ्या आणि बॅटरीची काळी वायर त्याच्या मधल्या रिंगच्या पायाला जोडा. साधी केबल आत गेली की तिचा दांडा रिंग आणि ग्राउंड जोडून देतो, म्हणजे पेडल चालू. केबल काढली की बंद. आमच्या पेटीच्या झाकणावर, जिथे पूर्वी सूत्रं छापलेली होती, तिथे लेकीनं मार्करनं लिहून ठेवलंय: "वाजवून झालं की केबल काढ. बाबा, तुम्हीसुद्धा."